खोल वाटीचा साचा

माझ्या हातची फलाफल साठ माणसांसमोर तेलात विरघळली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. वर्षभर मी देवाकडे एकच विचारत होते, माझ्या हाताचं असं काय बिघडलं? उत्तर मिळालं ते भांड्यांच्या दुकानात, एका मंगळवारी दुपारी, आणि तेही माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून. त्यानंतर मी जे केलं ते देवाला आवडलं नसणार. पण तेवढा एक आठवडा मी त्याला म्हटलं, देवा, जरा तिकडे तोंड करून बस. माझं आटपलं की हाक मारते.

आधी वर्षापूर्वीचं सांगते. सासूबाईंचा साठावा वाढदिवस होता आणि फलाफल माझ्याकडे होती. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं ती माझ्याकडेच असायची. घरात बाकीच्या स्वयंपाकावर ताईंचं राज्य, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचं. पण फलाफल म्हटलं की सगळे माझ्याकडे वळायचे. "धाकटीच्या हातची आहे ना? मग मी थांबतो," असं सासरे एकदा पानावरून उठता उठता म्हणाले होते. मी ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलंय.

फलाफलचे काबुली चणे शिजवायचे नसतात. रात्रभर भिजवायचे आणि कच्चेच भरड वाटायचे, कांदा, कोथिंबीर, जिरं, लसूण घालून. तेलात पडले की ते आपोआप एकमेकांना धरतात. शिजवलेले चणे वाटले तर गोळा हाताला मऊ लागतो, दिसतोही छान, पण धरायची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

त्या दिवशी चणे मी भिजवले होते. सकाळी उपसून ठेवले. पाहुणे यायला लागले तशा ताई म्हणाल्या, "तू जा, आवरून घे. मी वाटून ठेवते." मला इतकं बरं वाटलं! अकरा वर्षांत त्यांनी माझ्या फलाफलला कधी हात लावला नव्हता. मी आवरून आले तर सगळं मिश्रण तयार, वर कोथिंबीर भुरभुरलेली. गोळा जरा मऊ लागला. मला वाटलं कांद्याला पाणी सुटलं असेल. टिक्क्या थापल्या, तेलात सोडल्या. पहिली फसफसली आणि पसरली. दुसरीही. तिसऱ्या घाण्याला मी पीठ मिसळलं, तर कढईत नुसता गाळ. बाहेर साठ माणसं ताटं घेऊन उभी. धाकटे दीर आत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, हा काय चुरा केलाय?"

झालं. तेव्हापासून मी चुरावहिनी. प्रेमानेच म्हणतात हो सगळे. फोनवर म्हणतात, पत्ते खेळताना म्हणतात, माझ्या मुलीच्या मैत्रिणींनाही ठाऊक आहे. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं. हात रुसतो कधीकधी." आणि पुढच्या महिन्यापासून फलाफल त्या करायला लागल्या.

मी घरी करून पाहिली तर नीट व्हायची. पण चार माणसांची नीट झालेली कोण पाहतं? माझ्या मनाने घेतलं की जास्त माणसं असली की माझा हात दगा देतो. म्हणून हातावरच विसंबायचं नाही, एखादं अवजार शोधायचं, असं ठरवलं आणि भांड्यांच्या दुकानात नोकरीला लागले. घरी सांगितलं, वेळ जात नाही.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. मागच्या मोठ्या खिडकीखाली दगडी ओटा आहे, बाजूला नळ. गिऱ्हाइकाने आपल्या घरचं पीठ, आपल्या घरचा गोळा डब्यातून आणायचा, त्या ओट्यावर अवजार चालवून बघायचं आणि मगच विकत न्यायचं. शेगडी तेवढी नाही. विमेवाल्यांनी नको म्हटलं. मालक सत्तरीचे आहेत, कानाला यंत्र आहे, आणि ते दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगतात, "आपण वस्तू दाखवायची नाही, हात बघायचा. ज्या हाताला जे जमेल तेच द्यायचं." सहा महिन्यांत ओट्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

फलाफलसाठी आमच्याकडे चार चीजा आहेत. एक आइस्क्रीम काढायचा चमचा, आत पातं फिरतं तो. गोल गोळे भराभर पडतात, पण तळाला चिकटतात. दुसरा प्लास्टिकचा दाबायचा साचा, तो मी कोणाला देत नाही. मग खटक्याचे दोन. दांडीच्या टोकाला छोटी वाटी, अंगठ्याने खटका दाबला की तळची चकती वर येते आणि टिक्की अलगद तेलात उतरते. त्यातली पातळ वाटी असते ती घरच्यासाठी. आणि खोल वाटी असते ती कोंबडीचा खिमा भरून करणाऱ्यांसाठी, ते आधी तळतात आणि मग भट्टीत ठेवतात. नुसत्या तेलावर खोल वाटीतली टिक्की बाहेरून काळपट होते आणि आत कच्ची राहते. दिसते मात्र अशी सुरेख की बघत राहावं.

तर त्या मंगळवारी ताई आल्या. हातात स्टीलचा डबा.

"काय गं, इथेच असतेस का अजून? मला वाटलं सोडलीस."

"बसा ना ताई. पाणी आणू?"

"पाणी नको, साचा दाखव. रविवारी नणंदबाईंच्या नव्या घराचं जेवण आहे ना, फलाफल माझ्याकडे आहे. साठ-पासष्ट माणसं. माझं मनगट दुखतंय मेलं. हातावर थापणं काही जमायचं नाही."

डबा उघडला. मिश्रण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? भरड, हिरवं, दाबलं की धरून राहणारं. मी पातळ वाटीचा साचा काढला. खरंच तोच काढला होता. ओटा पुसला, वाटीला पाण्याचा हात लावला, चमच्याने मिश्रण भरलं.

"जपून हं," मी म्हटलं, "गोळा सैल असला तर खटक्यात अडकतो."

ताई हसल्या. "सैल कशाने होईल? मी काय तुझ्यासारखे उकडलेले चणे घालते?"

मी खटका दाबला. टिक्की ओट्यावर उतरली. मी तिच्याकडे बघत राहिले.

उकडलेले? त्या दिवशीचे चणे उकडलेले होते हे कोणी म्हटलं होतं? घरात कोणीच नाही. सगळ्यांनी म्हटलं पाणी जास्त झालं, तेल कमी तापलं, हात रुसला. माझ्या स्वतःच्याही मनात ते कधी आलं नव्हतं, कारण मी ते भिजवून उपसून ठेवले होते, कच्चे, कडक. त्यानंतर त्यांना हात लावला तो एकाच माणसाने.

ताईंच्या लक्षातही आलं नाही. त्या टिक्कीची कड चाचपून बघत होत्या.

"छोटी पडते गं. पोराटोरांची वाटते."

माझ्या कानात शीळ वाजत होती. पण दुकानात उभं राहून राहून मला एक सवय लागलीय, तोंडावरचं हसू हलत नाही. मी म्हटलं, "मग मोठा दाखवते ना."

आणि मी खोल वाटीचा साचा काढला.

भरला, दाबला, सोडला. जाड, गोल, कडा कापल्यासारख्या. ताईंचे डोळे चमकले. मी आणखी दोन उतरवल्या आणि एका ओळीत मांडल्या.

"बाजारात मिळतात तशा दिसतात की!"

"तशाच. आणि पासष्ट माणसं म्हणजे काम निम्म्यावर. एक खाल्ली की माणूस तृप्त."

"तळायला वेळ लागेल का?"

हा प्रश्न त्यांनी विचारला, हे मी लपवणार नाही. सरळ विचारला होता.

"रंग आला की काढायची," मी म्हटलं. "तुम्हाला काय सांगायचं ताई, तुमचा अंदाज सगळ्यांना माहीत आहे."

तेवढ्यात मालक मागे येऊन उभे राहिले. साच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पातळ वाटीचा दाखवलास?"

"दाखवला. त्यांना हाच आवडला."

दोन्ही वाक्यं खरी होती. तरी मालक निघून गेल्यावर मला ओटा दोनदा पुसावासा वाटला.

बुधवार ते शनिवार मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. एकच धाकधूक, ताईंनी घरी एखादी तळून पाहिली तर? पण मी त्यांना बारा वर्षं ओळखते. त्या आधी करून बघणाऱ्यातल्या नाहीत. करून बघणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं त्यांचं मत. शुक्रवारी प्रवचनाला गेले. नेमका विषय निघाला रागाचा, आणि बुवांनी तो इतका गोड सांगितला की शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. मी मान डोलावत होते आणि मनात साठ ताटं मांडत होते.

आमचे हे म्हणालेही, "काय गं, आजकाल एकटीच हसतेस."

"नणंदबाईंच्या घराचा आनंद झालाय," मी म्हटलं.

रविवारी नव्या घरात रंगाचा वास अजून गेला नव्हता. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि हॉलमध्ये उघडणारा कठडा, म्हणजे तळणारीला सगळे बघतात आणि ती सगळ्यांना. ताईंनी एप्रन बांधला होता. साच्याचा खटका टक्टक् वाजायचा आणि दर खटक्याला एक जाड टिक्की तेलात उतरायची. माणसं कठड्याशी गोळा झाली. दीर म्हणाले, "वा! याला म्हणतात हात. चुरावहिनी, बघून घ्या."

"बघतेय," मी म्हटलं. मी अगदी समोरची खुर्ची धरली होती.

पहिला घाणा बाहेर आला. रंग असा की फोटो काढावा, आणि काढलेही लोकांनी. पहिलं ताट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चावा घेतला, दोनदा चावलं आणि थांबल्या. रुमाल तोंडाशी नेला. मग सासरे. मग नणंदबाईंचे यजमान, ते सभ्य माणूस, गिळलं बिचाऱ्यांनी आणि पाणी मागितलं. दिरांनी टिक्की मधोमध मोडली आणि वर धरली. आत फिकट ओला लगदा.

"वहिनी, ही कच्ची आहे हो."

"असं कसं होईल? बघू," म्हणत ताईंनी दुसरी मोडली. तिसरी मोडली. मग आच मोठी केली, तर पुढचा घाणा बाहेरून कोळसा आणि आत तसाच. आच मंद केली, तर टिक्क्या तेल पिऊन बसल्या. हॉलमधली कुजबुज वाढत गेली. कोणीतरी हसलं. एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, मला पोटात दुखेल का?"

मला वाटलं होतं मी आतून नाचेन. खरं सांगते, नाचलेही. ताईंच्या कपाळावर घाम आला, एप्रनला काळे हात पुसले गेले, त्या वळून वळून लोकांकडे बघत होत्या. वर्षापूर्वी मी अशीच बघत होते. मी खुर्चीवर पाय ताणून बसले.

मग ताईंनी साचा हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि माझ्याकडे वळल्या. त्या काही मूर्ख नाहीत.

"हिने दिला! हा साचा हिने दिला मला! मुद्दाम!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतेय ही?"

नाही म्हणता आलं असतं. मालकांपुढे म्हटलं होतं तेच इथे म्हणता आलं असतं, त्यांना हाच आवडला. पण मग मी पुन्हा गप्प बसणारी झाले असते, आणि वरून कपटी. मी उठले, कठड्याशी गेले.

"हो आई. मीच दिला. हा खिमा भरायचा साचा आहे, नुसत्या तेलावर यात कच्चंच राहतं. मला माहीत होतं. मुद्दाम दिला."

कठड्यापाशी माणसं आणखी पुढे सरकली.

"माझं मी सांगितलं," मी म्हटलं. "आता ताई, तुम्ही तुमचं सांगा. आईंच्या वाढदिवसाला माझे चणे कोणी उकडले?"

"मी... कुठले चणे? वेडीबिडी झालीस का?"

"मंगळवारी ओट्यावर तुम्हीच म्हणालात. माझ्यासारखे उकडलेले. मी भिजवले होते. मला माहीत नव्हतं ते उकडलेत. तुम्हाला कसं माहीत?"

ताईंनी झारा पुन्हा तेलात घातला. आणि मग बोलल्या त्या सासूबाई, हळू, आठवून आठवून.

"त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. पाच-सहा. मी न्हाणीघरात होते. नंतर मी तुला विचारलं होतं थोरले, कुकर कशाला लावलास? तू म्हणालीस, बटाटे. त्या दिवशी बटाटा कशातच नव्हता."

दीर टिक्की हातात धरून उभे होते, ती त्यांनी ताटात ठेवली.

ताई ओट्याला टेकल्या. कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी या घराचा स्वयंपाक केला. भात, भाजी, पथ्याचं, मुलांचे डबे. कोणी एकदा तरी म्हटलं का, थोरलीच्या हातचं आहे ना, मग थांबतो?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. मलाही एक क्षण त्यांची कीव आली. पण फार नाही. मला माझं वर्ष आठवत होतं.

"म्हणून माझ्या हाताला नाव ठेवायचं?" मी म्हटलं. "मी स्वतःलाच पांगळी समजायला लागले होते ताई. गोळा हातात घेतला की आता हा फुटणार असंच वाटायचं."

"आणि तू काय केलंस? माझ्या पोरीच्या घरी पहिलंच जेवण," सासूबाई माझ्यावर कडाडल्या. "तूही काही कमी नाहीस. दोघी आत व्हा. माणसं उपाशी आहेत."

गेलो. उरलेलं मिश्रण पातेलंभर होतं, आणि ते चांगलं होतं. साचा सिंकमध्ये टाकून दिला. मी हातावर टिक्क्या थापत होते, बोटभर जाड, आणि ताई तळत होत्या. साठ माणसं कठड्यावरून दोघींकडे बघत होती. एकही टिक्की फुटली नाही, आणि ती फुटली नाही हे साठ जणांनी पाहिलं. मला याच्याहून जास्त काही नको होतं. दिरांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा मी म्हटलं, "आता काय म्हणणार?" ते म्हणाले, "वहिनी म्हणणार. आणखी दोन द्या."

सोमवारी मालकांना सगळं सांगितलं. कानातलं यंत्र नीट बसवून त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "महिनाभर पुढच्या, वस्तू बांधून द्यायच्या खिडकीत बस. ओट्याला हात लावायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं. मी कागद आणि सुतळी घेऊन खिडकीत बसले.

गुरुवारी ताई दुकानात आल्या. हातात तो साचा, घासून लखलखीत केलेला. मी सुतळी तोडता तोडता थांबले. आता माझी नोकरी यांच्या जिभेवर.

मालक पुढे झाले. "बाई, आमच्याकडून चूक झाली. बदलून देतो. ही ओट्यावरची नवीन मुलगी दाखवेल तुम्हाला."

ताईंनी नव्या मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला काय कळतंय? ती बसलीय ना खिडकीत, तिला उठवा."

"तिनेच तर तुम्हाला चुकीचा दिला."

"म्हणून तर म्हणते. इतका नेमका चुकीचा निवडायला किती कळावं लागतं!"

मालकांनी हाताने ओट्याकडे खूण केली आणि स्वतः बाजूलाच उभे राहिले, हात मागे बांधून. मी पातळ वाटीचा साचा काढला. ताईंनी डबा उघडला. मी वाटीला पाणी लावलं, मिश्रण भरलं, कडेने चमचा फिरवला.

"एवढंच भरायचं. जास्त नाही. आणि मीठ शेवटी घाला, आधी घातलं की पाणी सुटतं."

"मला माहीत आहे."

"माहीत असेल. सांगायचं माझं काम आहे."

खटका दाबला. टिक्की उतरली. ताईंनी ती बोटाने उचलून जाडी पाहिली, उलटी करून पाहिली, मालकांनाही दाखवली.

"तू मला माफ केलंस का गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"नाही."

"मीही नाही."

"बरं."

"बरं. सरक जरा, आता मला दाबू दे," ताई म्हणाल्या, आणि मी साचा त्यांच्या हातात दिला.